खुळखुळ्यातलं कॅल्शियम

लेक चांदीचा खुळखुळा सारखा तोंडात घालते. त्यात शिसं नाही ना, हे बघायला मी तो लॅबमध्ये आणला. इथे आम्ही मिश्रधातू क्ष-किरणांनी तपासतो. कशात काय किती, ते सॉफ्टवेअर स्क्रीनवर दाखवतं.

शिसं नव्हतं. चांदी, तांबं आणि थोडं कॅल्शियम.

"चांदीत हाडं कुठून आली गं?" सीनियर ताई हसल्या. "लाळ असेल, पूस आधी. आई झालीस आणि डोकं गहाण टाकलंस!"

पुसला. कॅल्शियम वाढलं.

यंत्र रिकामं चालवलं. शून्य. खुळखुळा परत ठेवला, तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढायला लागला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, काल खुर्ची धरून उभी राहिली ना ही? आज पायच टेकवत नाहीये. हाताला मऊ लागतायत गं."