नुडिनमनाचं भाषण

“चुकलास. ‘आवर डिपार्टेड फ्रेंड’ म्हण. मधला शब्द परत गिळलास,” मास्तर म्हणाले.

मल्हाररावांनी घसा खाकरला. डिपार्टेड म्हणजे निघून गेलेला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शब्द काही तोंडातून निघत नव्हता.

एरवी चिकपेटेत साड्यांचं दुकान चालवणारा माणूस शब्दाला अडतोय कुठला! मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगू, गिऱ्हाईक येईल तसं मल्हाररावांचं तोंड चाले. इंग्रजीशी तेवढं वाकडं. मागे व्यापारी संघाच्या सभेत त्यांनी हौसेने माईक घेतला आणि सुरुवातच केली, “नाऊ, व्होट ऑफ थँक्स!” आता आमच्या बेंगळुरात व्होट ऑफ थँक्स म्हटलं की जेवायला उठायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. उठले की सगळे! प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहिलं बाजूला आणि पंगत बसली. त्यावरून पेठ अजून हसते.

या खेपेला तसली फजिती चालणार नव्हती. कृष्णमूर्तींच्या नुडिनमनाला बोलायचं होतं. नुडिनमन म्हणजे गेलेल्या माणसाला शब्दांनी केलेला नमस्कार. त्या सभेत समोर अमेरिकेतली नातवंडं बसणार, आणि त्यांना ना मराठी येत, ना कन्नड. आपला आजोबा ही काय वल्ली, हे त्यांना इंग्रजीतच सांगायला हवं. सांगणार कोण? मल्हाररावच. कृष्णमूर्तींना त्यांनी तसा शब्द दिला होता, आणि दिला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

म्हणून रोज दुपारी दुकान मुलाच्या, शौर्यच्या, हवाली करून ते ऑटोने शिवाजीनगरला मास्तरांच्या घरी जात. मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. अख्खी पेठ त्यांना मास्तर म्हणे, मल्हाररावही तेच म्हणत.

मास्तरांनी अगदी पहिल्यापासून घेतलं. सभेतलं मुख्य भाषण ते कीनोट. लग्नात पेला उंचावून बोलतात तो टोस्ट. “ब्रेडचा नव्हे रे!” गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द, ती युलॉजी. पोडियमपाशी ताठ उभं राहायचं, ऑडियन्सच्या डोळ्यांत बघायचं, आणि महत्त्वाचं वाक्य आलं की आधी पॉज. मास्तर स्वतः बरेच पॉज घेत. हल्ली त्यांना दम लागे.

“चौकाबाऱ्याच्या डावात हरायला लागला की कृष्णमूर्ती कवड्या उधळून द्यायचा,” हे वाक्य मल्हाररावांनी इंग्रजीत मोठ्या झोकात टाकलं.

“काढ ते!” मास्तर तडकले. “युलॉजीत चांगलं बोलतात.”

“खोटं आहे का, मास्तर? पोरांना खरा आजोबा कळू दे. फोटोतला देव घेऊन काय करायचंय त्यांना?”

मास्तर हिरमुसले. मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, तशी त्यांची भाची पवित्रा पाणी घेऊन धावली.

“अण्णा, स्वल्प दमानं घ्या हो,” ती मल्हाररावांना म्हणाली.

कवड्यांचं वाक्य तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हाररावांच्या बायकोनं, राजलक्ष्मीबाईंनी, डोशाचं पीठ ढवळता ढवळता कान टवकारले. हॉलमध्ये आरशापुढे मल्हारराव भाषण म्हणत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, डिपार्टेडसकट, धडाधड.

“अगं बाई! तोंडपाठ आहे की हो तुमचं. मग रोज तिकडे कशाला जाता?”

“मास्तरांपुढे अडतं.”

“इथे बरं अडत नाही!”

“तू डोसा घाल आधी,” मल्हारराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. राजलक्ष्मीबाईंनी ते पाहिलं आणि मुकाट्यानं तव्यावर पीठ पसरलं.

दुपारी मास्तरांच्या खोलीत शिवणयंत्राचं पोडियम झालं. मल्हारराव त्याच्यामागे असे उभे राहिले की जणू जन्मभर व्याख्यानंच देत आले असावेत. आवाज खणखणीत. कवड्यांचं वाक्य आलं आणि दारात उभी पवित्रा खुदकन हसली. नजर कुठे वळवायची, थांबायचं कुठे, सगळं जिथल्या तिथे. त्या दिवशी कुणाचीही छाती झाली नसती त्यांना हसायची.

शेवटचं वाक्य आलं. मल्हाररावांनी पॉज घेतला. मास्तरांकडे पाहिलं.

“आवर... फ्रेंड,” ते म्हणाले.

“गिळलास परत.”

“निघत नाही हो, मास्तर.”

“राजलक्ष्मीचा फोन आला होता. सकाळी बिनचूक म्हणत होतास म्हणे.”

कागदाची घडी करून मल्हाररावांनी खिशात घातली, खुर्ची ओढून मास्तरांच्या जवळ घेतली आणि बसले.

“उद्या परत पहिल्यापासून घेऊ,” ते म्हणाले. “माझं भाषण बसेपर्यंत कुणी घाई करायची नाही. सांगून ठेवतो.”

“सरी, ठरलं,” पायांवरची शाल वर ओढत कृष्णमूर्ती मास्तर म्हणाले, “तोवर मी कुठे जात नाही.”