यांचं नाक

तापात यांचं नाक गेलं, तेव्हापासून टेबलाखाली आमची खूण ठरलेली: मी पाय एकदा दाबला की पदार्थ चांगला, दोनदा की टाकाऊ. चाळीस वर्षं आचारी असलेल्या माणसाला वास येत नाही, हे मलाच ठाऊक. यांच्या चेल्याने आपल्या नव्या झगमगीत इटालियन हॉटेलात आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. परातीएवढ्या ताटलीत चमचाभर गिचका भात, तीन कोळंब्या. पहिल्याच घासाला ओल्या पोछ्याचा वास घशात चढला. “कसा झालाय, उस्ताद?” चेला हात जोडून उभा. यांचा चमचा तोंडाशी थांबला. मी दोनदा पाय दाबला. “कोळंबी सडलीय. फेक!” हे गरजले. चेला ओशाळला. “काय नाक आहे! रोज चव बघायला याल?” यांचे डोळे चमकले. “येईन. पण हिच्याशिवाय मी जेवत नाही.” रोज हा लगदा खायचा! तरी मी मान डोलावली.