जुन्या खोडांचा वर्ग

"पुस्तकं मिटा," ट्रेव्हर म्हणाला. "तुम्हाला मी काय शिकवणार? मी रांगत होतो तेव्हापासून तुम्ही सर्व्हर सांभाळताय."

आर्लन सोरव्हारीने पुस्तक मिटलं, पण पानात बोट तसंच ठेवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. त्यातून ही परीक्षा साधी नव्हती. डुलुथ शहराच्या आसपास घरं गरम ठेवायला घरोघरच्या टाक्यांत गॅस भरून देणारी त्यांची कंपनी सर्व्हरची जुनी प्रणाली टाकून नवी घेत होती. "शुक्रवारी जो नापास होईल, त्याला मी वाचवू शकणार नाही," असं त्यांच्या खात्याच्या प्रमुख रोक्सॅन मॅडमनी सोमवारी हसत हसत सांगितलं होतं.

पगाराचं एक वेळ निभावलं असतं. पण बायकोच्या, कॅरिनच्या, रक्ताच्या आजाराची औषधं कंपनीच्या विम्यावर येत होती, आणि पासष्टीला मिळणाऱ्या सरकारी विम्याला अजून सात वर्षं होती. नोकरी गेली तर औषधं गेली. आर्लनला दुसरं काही सुचत नव्हतं.

वर्ग हायवेलगतच्या हॉटेलात भरत होता. विद्यार्थी पाच, पाचही पिकल्या केसांचे. तारखा नेमक्या हरणांच्या शिकारीच्या आठवड्यातल्या. तीस वर्षांत आर्लनचा हंगाम पहिल्यांदाच चुकला होता.

"सरावाला पुस्तकातली खोटी कंपनी कशाला?" ट्रेव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुमच्याच पाच सर्व्हरच्या हुबेहूब नकला आणल्यात. ज्याचा त्याला. नव्या प्रणालीवर नेऊन दाखवा."

हे सगळ्यांना फार आवडलं. जुन्या माणसाला आपलं घर आवरायला दिलं, की तो कोपरेसुद्धा झाडतो. कुणी दहा वर्षांच्या चुका निस्तरल्या, कुणी कधीच न पुसलेली खाती पुसली. सराव म्हणून अर्धवट सोडणं एकालाही जमेना.

ट्रेव्हर मात्र खुर्ची ओढून प्रत्येकाशेजारी बसायचा आणि विचारायचा, "हे असं का केलंत?" उत्तर मिळालं की लिहून घ्यायचा.

"ह्या पोराला आपणच शिकवतोय," मार्लिस एंगेब्रेटसन कुजबुजली. बावीस वर्षं ती आर्लनच्या शेजारच्या टेबलाला होती आणि तिची जीभ बावीस वर्षं तशीच होती. "फी आपल्याला मिळायला हवी."

"शिकू दे गं. निदान विचारतो तरी."

गुरुवारी ट्रेव्हर आर्लनच्या एका जुन्या प्रोग्रॅमपाशी अडला.

"हा काय करतो? कागदपत्रांत तर कुठेच नाही."

"असतो असाच," आर्लन म्हणाला. "जेवून येतो."

तो प्रोग्रॅम त्याचा हुकमाचा एक्का होता. थंडी फार उतरली की तो सगळ्या घरांच्या टाक्यांत किती गॅस उरलाय ते तपासायचा आणि एकट्या म्हाताऱ्यांची, तान्ह्या मुलांची घरं यादीत वर आणायचा. पहिला ट्रक तिकडे जायचा. कडाक्याच्या दिवसांत आर्लन काहीतरी करतो, एवढंच कंपनीला ठाऊक होतं. काय करतो ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोन वेळा कपात होऊनही त्याला कुणी हात लावला नव्हता.

"नको सांगूस," सूप ढवळत मार्लिस म्हणाली. "सगळं पोटातलं काढून दिलंस, तर मग तुला विचारतं कोण?"

"आणि नापास झालो तर?"

"एका प्रोग्रॅमवरून कुणी नापास करतं का रे?"

"पेपरात त्याला तीस गुण आहेत. मी विचारलं."

मार्लिसने सूपचा वाडगा बाजूला सरकवला.

घरी त्याने कॅरिनला काही सांगितलं नाही. ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, "काय रे, गुरुजी रागावले का?" एवढंच तिने विचारलं. तो हसला, आणि त्याचा निर्णय झाला.

शुक्रवारी पेपरात त्याने तो प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर नव्याने लिहिला. ओळ न् ओळ समजावून, कुणालाही चालवता येईल असा. लिहिताना वाईट वाटलं, संपल्यावर हलकं वाटलं. सोळा वर्षं माणसाने एकच गोष्ट लपवायची म्हणजे ओझंच की ते.

दुपारी एकला वेळ संपली. मार्लिसचा हात सवयीने मशीन बंद करायला गेला.

"नको, नको!" ट्रेव्हर जवळजवळ धावलाच. "चालू राहू द्या. तपासायचंय मला."

साडेतीनला निकाल लागला. पाचही जण पास. आर्लनला शंभरात अठ्ठ्याण्णव. रोक्सॅन मॅडम स्वतः केक घेऊन आल्या होत्या. मार्लिसने आर्लनच्या पाठीत धपाटा घातला. "जुनं खोड आहे म्हणे! पालवी फुटली की रे!" आर्लनने बाहेर जाऊन कॅरिनला फोन केला. "मिटली काळजी," एवढंच सांगून त्याने फोन ठेवला.

परत आल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. रोज संध्याकाळी बसून केलेली आखणी होती ती.

"मॅडम, आता खऱ्या सर्व्हरचं. तीन शनिवार-रविवार लागतील. सोमवारपासून तयारीला लागतो, आणि नाताळाच्या आत सगळी कंपनी नव्या प्रणालीवर."

रोक्सॅन मॅडमनी ट्रेव्हरकडे पाहिलं. ट्रेव्हर केकच्या बशीत पाहत होता.

"झालं की ते, आर्लन," त्या म्हणाल्या. "दोन वाजल्यापासून कंपनी तुमच्या ह्या पाच मशीनवरच चालतेय, आणि काय छान चालतेय! केक खाऊन घ्या सगळ्यांनी; जाताना कंपनीची ओळखपत्रं तेवढी इथे टेबलावर ठेवा."