घरी कोण करणार?

"घरी हे कोण करणार?" पलंगाशेजारच्या टेबलावर ट्रे ठेवत सिस्टरने विचारलं.

"मी," मुलगी लगेच म्हणाली. "मला दाखवा. मी शिकते."

तिचे वडील पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. भाजीबाजारात त्यांना सगळे भोंगा म्हणत. ते लिलाव पुकारायला उभे राहिले की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला पाटी उचलणारा हमालही मान वळवायचा. पंधरवड्यापूर्वी घशातल्या गाठीपायी डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी काढून टाकली होती. आता श्वास चालायचा तो गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून. त्या भोकात बोटाएवढी वाकडी नळी होती. ती सकाळ-संध्याकाळ काढायची, धुवायची, परत बसवायची. सिस्टर एकेक पायरी सांगत हे करत असताना भोंगा डोळे गच्च मिटून घेत. आरशात त्यांनी अजून स्वतःला पाहिलंच नव्हतं.

आज दुपारी त्यांना घरी सोडणार होते.

मुलीने हातमोजे चढवले. सिस्टरने सांगितलं तशी मानेमागची फीत सोडली. नळीला हात लावला मात्र, भोंगांना खोकल्याची उबळ आली. आवाज नाही, नुसती छाती उडत होती. मुलीचा हात झटकन मागे आला.

"दुखलं का, बाबा?"

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. नाही. तिने पुन्हा नळी धरली. पण ओढायचा धीर तिला होईना.

"ह्यांना माझ्याकडेच नेते," ती सिस्टरला म्हणाली. "घरी एकटेच असतात. नोकरीचं काय, ती सोडता येईल. काही अडकलंबिडकलं आणि मी नसले, तर..."

भोंगांनी डोळे उघडले. मुलीकडे पाहिलं. तिचं मनगट धरून तिचा हात हळूच बाजूला केला आणि सिस्टरपुढे तळवा पसरला.

"काय हवंय?"

त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यासमोर बोट गोल फिरवलं. सिस्टरने खणातला आरसा काढून दिला.

आधी त्यांनी आरशात दाढीचे पांढरे खुंट पाहिले. मग आरसा खाली नेला. भोकाकडे ते बराच वेळ बघत राहिले. नवख्या गिऱ्हाइकाला जोखावं, तसे.

मग उठून बेसिनपाशी गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. आरसा नळामागच्या फळीवर टेकवला. सिस्टर सूचना द्यायला तोंड उघडणार, तोच त्यांनी नळी दोन बोटांत धरून बाहेर ओढली. इतके दिवस डोळे मिटलेले होते. कान उघडे असावेत.

पुन्हा उबळ आली. भोकातून उडालेला चिकटा थेट आरशावर बसला. मुलगी कापड घेऊन पुढे झाली. त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं. आरसा पुसला, मग ओल्या बोळ्याने भोकाच्या कडेकडेने गळा पुसला. ब्रशने नळी आतून घासली. उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार पाहिलं. मनासारखी झाली नसावी. पुन्हा घासली.

बसवताना मात्र अडलं. पहिल्यांदा टोक निसटलं. दुसऱ्यांदा ते अर्ध्यावर रुतलं, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मुलीने तोंडावर हात दाबून धरला. सिस्टरचा हात आपसूक पुढे गेला. भोंगांनी एक बोट वर केलं. थांबा.

"बरं," सिस्टर हात मागे घेत म्हणाली. "घाई नाही. मान सैल सोडा. टोक छातीकडे वळवा. दम धरा."

त्यांनी नळी काढली, तिच्यावर ट्रेमधलं बुळबुळीत जेल बोटाने फिरवलं, डोळे पुसले. लांब श्वास सोडला, आणि नळी आत सरकली. श्वास तिच्यातून शीळ घातल्यासारखा ये-जा करू लागला. त्यांनी स्वतःच मागे हात नेऊन फीत बांधली. ती फार आवळली नाही ना, हे आत एक बोट घालून पाहिलं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"पहिल्याच खेपेला स्वतः बसवणारा पेशंट मी क्वचित पाहिलाय," सिस्टर म्हणाली. "घरचे शिकतात आणि हे लोक छताकडे बघत बसतात."

मुलीने हातमोजे काढले. ती हसली, तेव्हा कुठे आपले गाल ओले असल्याचं तिला कळलं.

"तरी मी रोज सकाळी येत जाईन, बाबा. माझ्याकडे किल्ली आहे. दार उघडून येईन मी, तुम्ही पडून राहा."

भोंगांनी ओठ हलवले.

"काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा हलवले, एकेक शब्द सुटा करून. तरी तिला उमजेना. तिने सिस्टरकडे पाहिलं. ह्या वॉर्डात वर्षं काढलेली सिस्टर ट्रे उचलता उचलता थांबली.

"बेल वाजव म्हणतायत," ती म्हणाली. "दार ते उघडतील."