टेकडीवरचा आवाज

"काका, आज बाबा येणार आहेत," मनोऱ्याच्या अर्ध्या उंचीवरून तरुण म्हणाला, आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या मास्तरांच्या हातून दोराला टांगलेली अवजारांची पिशवी हातभर घसरली.

"दोर सांभाळा. पाना डोक्यात पडला, तर काकू मला चहा द्यायच्या नाहीत."

मास्तर हसले, पण ते हसू ओठांपलीकडे गेले नाही.

विज्ञानाचे हे निवृत्त शिक्षक चाळीस वर्षे हौशी रेडिओच्या, घरच्या संचावरून दूरदूरच्यांशी बिनतारी बोलण्याच्या, नादी लागलेले होते. बंदरावरच्या टेकडीवर त्यांचे घर, आणि घरामागे अँटेनाचा साठ फुटांचा लोखंडी मनोरा. आठ वर्षांपूर्वी त्याला उभा धरणाऱ्या ताणतारा सैल झाल्या, सांध्यांना गंज चढला, आणि नगरपालिकेची नोटीस आली: दुरुस्त करा, नाहीतर उतरवा. गुडघ्यांनी मास्तरांना केव्हाच जवाब दिला होता. अशा वेळी एक अनोळखी तरुण कमरेचा पट्टा खांद्यावर टाकून फाटकाशी उभा राहिला. उंच मनोऱ्यांवर चढणे हाच त्याचा व्यवसाय होता.

त्याने सांगितलेली हकिगत अशी. तो दहा वर्षांचा असताना वादळात त्यांची मासेमारीची बोट बंद पडली. पाय चिरडलेला तो फळ्यांवर पडून होता. वडील रेडिओचा रिसीव्हर कानाला लावून दिवसभर कोणाशी तरी बोलत आणि ऐकलेले त्याला सांगत: टेकडीवरच्या मनोऱ्याचे मास्तर बोलतायत, मदत निघाली आहे, डोळे मिटू नकोस. संध्याकाळी एका मालवाहू जहाजाने दोघांना उचलून घेतले.

"तुमच्या शब्दांवर मी जगलो, काका," तो म्हणाला होता.

तो मी नव्हे, हे मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आले होते. आकाशमार्गे झालेले प्रत्येक संभाषण ते वहीत टिपून ठेवीत, आणि त्या वादळाच्या तारखेला त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते: केबलमध्ये पाणी. संच बंद. पण तरुणाने तोवर पट्टा आवळून हात पुढे केला होता. माणूस वर असेतो संचाचा फ्यूज त्याच्याच खिशात असावा, म्हणजे खालून कोणी चुकून बटण दाबून त्याला भाजणार नाही, असा त्या विद्येचा दंडक आहे. मास्तरांनी फ्यूज त्याच्या तळहातावर ठेवला, आणि सत्य घशातच राहिले.

तेव्हापासून तो दरवर्षी येई. तारा आवळी, सांध्यांवर रबरी पट्टी गुंडाळी, खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ देई, की तिच्यावरून ओघळणारे पाणी बाहेरच ठिबकावे. मोबदल्याचा विषय निघाला, की तो मनोऱ्यावर जाऊन बसे. मास्तर त्याला कौतुकाने, माकड न म्हणता, शाखामृग म्हणत. मूलबाळ नसलेल्या त्या घरात त्याच्या येण्याचा दिवस काकू महिनाभर आधीपासून मोजू लागत. त्याच्यामुळे मास्तरांचा शब्द अजून सात समुद्र ओलांडत होता. या ऋणाने ते भारावून जात, आणि त्याच ऋणाने त्यांची झोपही उडे. परद्रव्याचे हरण पाप. मग परकीर्तीचे हरण काय म्हणावे?

आणि आज ज्याने तो खरा आवाज कानाने ऐकला होता, तोच येत होता. मास्तरांनी तोंड उघडले, की संपले. शाखामृग पुन्हा फाटकाशी दिसायचा नाही.

तरुणाचा बाप, त्या बोटीचा म्हातारा तांडेल म्हणजे नाखवा, काठी टेकीत आला. मास्तरांनी मान हलवली, खुर्ची दाखवली आणि ते नुसते खाकरले. बोलले मात्र नाहीत.

"परदेशातल्या माणसांशी तास तास बोलतील," काकू कप ठेवीत म्हणाल्या, "आणि दारात माणूस आला, की यांची वाचा बसते."

त्या आत गेल्या. मास्तर उठले. आतून ती वही आणून, वादळाच्या तारखेचे पान उघडून त्यांनी पाहुण्यापुढे ठेवली. तांडेलाने ओळीखाली बोट धरून सावकाश वाचले.

"तो आवाज माझा नव्हता," मास्तर म्हणाले. "उत्तर दिलं ते दुसऱ्याच कुणी. आठ वर्षं मी गप्प राहिलो, कारण तुमचा मुलगा मला हवाहवासा झाला. त्याला खरं सांगा. आणि ज्याने तुम्हाला वाचवलं, त्याला शोधा. हे आभार त्याचे आहेत."

तांडेलाने वर पाहिले. मुलगा शीळ घालीत सांध्यावर पट्टी गुंडाळीत होता.

"हळू बोला. त्याला ऐकू जाईल."

"गेलं तरी चालेल आता."

"मला नाही चालणार, मास्तर." तांडेलाने वही मिटली. "तो इकडे यायला निघाला, की दरवर्षी मी वाटेकडे डोळे लावून बसायचो. आज मास्तर सांगून टाकणार, असं वाटायचं. आणि तो हसत हसत घरी यायचा. मनातल्या मनात तुम्हाला किती वेळा हात जोडले असतील. म्हटलं, डोळे मिटायच्या आत एकदा समोर जाऊन जोडावेत."

मास्तरांना काही उमगेना. सांगून टाकणार म्हणजे काय?

"पोराचा डोळा लागला असता, तर तो पुन्हा उघडला नसता," तांडेल म्हणाला. "चहूकडे पाणी. लांब टेकडीवर तुमचा मनोरा तेवढा दिसत होता, म्हणून तुमचं नाव तोंडात आलं. आमचा रेडिओ तर सकाळीच पहिल्या लाटेत मेला होता, मास्तर."