शेवटचं उत्तर

जर्मनीतल्या त्या खेड्यात चारशे वर्षांपूर्वीच्या धर्मयुद्धातली सामुदायिक कबर सापडली होती. कवटीतून माणसाचे शेवटचे शब्द ऐकवणारं यंत्र घेऊन वैजयंती सबनीस महिनाभर दोन वेगळ्या दफनभूमींसाठी कवट्यांची वाटणी करत होती. ‘मी कॅथलिक’ ऐकू आलं की डावी पेटी, ‘मी प्रोटेस्टंट’ आलं की उजवी.

आज गावातल्या चर्चचे फादर शेजारी उभे असताना शेवटच्या कवटीतून आधीचा प्रश्नही ऐकू आला. “बोल, तुझा धर्म कोणता?”

“तुमचा तोच माझा, सरकार.”

पुढे नुसती खरखर.

“फादर, जीव वाचवायला हे सगळे मारणाऱ्याचा धर्म सांगत होते,” वैजयंती सपाट आवाजात म्हणाली. “आपली वाटणी चुकली.”

“असू दे. उद्या दफन आहे,” फादर म्हणाले. “दफनाच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून तुमचाही धर्म लिहावा लागतो. काय लिहू?”

उत्तर देण्याआधी वैजयंतीनं त्यांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं.