तिच्या आवडीची गाणी

"ते घंट्यावालं गाणं काढून टाक," शमुवेल सर रंजिताला म्हणाले. "शीलाला तसला धिंगाणा आवडत नव्हता."

खांबाला स्पीकरची वायर बांधता बांधता नागोरावचे हात थांबले.

दिग्रसच्या त्या लहानशा चर्चमध्ये दर नाताळला संध्याकाळच्या उपासनेआधी गाणी वाजत. ती शीला निवडायची आणि नागोराव आपल्या दुकानातला साउंड आणून वाजवायचा. यंदा शीला नव्हती. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. म्हणून मंडळीनं ठरवलं की यंदा सगळी तिच्याच आवडीची गाणी लावायची. गायनमंडळातली रंजिता मोबाइलवर प्लेलिस्ट करत होती. कोणतं गाणं घ्यायचं ते पेटी वाजवणारे शमुवेल सर सांगत होते.

"पण सर, पोट्टे त्या गाण्यावरच तर नाचतात," रंजिता म्हणाली.

"आज नाचायचं नाही. शीला गंभीर बाई होती. जुनी, संथ गाणी घे."

गंभीर बाई! नागोरावने वायरची गाठ इतकी जोरात ओढली की ती बोटात रुतली.

डिसेंबर लागला की ती दुकानात येऊन बसायची. काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टुलावर. एकेक गाणं लावून पाहायची. घंट्यांच्या गाण्याला काउंटरवर बांगड्या आपटून ताल धरायची. बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीचं ते इंग्रजी गाणं. "बर्फ कोणं पाह्यला बाप्पा," ती म्हणायची. "मी तं जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीवरून गाडी घसरून राह्यली असंच समजते." आणि हसत सुटायची. हसता हसता तिला ठसका लागायचा आणि मग त्यानं पाण्याचा गिलास पुढे करायचा.

हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं आणि त्यानं ते गिळलं.

सर पुन्हा बोलले, "शीलाला ही अंगाई फार आवडायची." शीला, शीला. चारचौघांत तिचं नाव असं घेताना त्यांना काहीच वाटत नव्हतं. नागोरावने लोकांसमोर तिचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आजही त्याच्या जिभेवर ते येईना.

सरांच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर होता. तिनं विणलेला. त्याचा एकेक टाका नागोरावच्या डोळ्यांसमोर पडला होता. कोणासाठी विणतेस, असं त्यानं तेव्हा विचारलं नव्हतं.

माती दिली त्या दिवशीही सर सगळ्यांदेखत ढसाढसा रडले होते. नागोरावला रडता आलं नाही. तो मागे, गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभा राहिला. त्याला वाटलं होतं, काळ गेला की हा जळफळाट कमी होईल. तो वाढतच गेला होता.

बाक पुसता पुसता चौकीदार बाबूसिंग जवळ आला.

"नागोरावभाऊ, लयच वाळले तुम्ही यंदा. जेवता का नाई?"

"जेवतो."

"कोण करून घालते?"

"मीच थापतो भाकर."

"तुमची भाकर म्हंजे स्पीकरचा पडदाच असन! वाजते का?" बाबूसिंग हसला. नागोराव हसला नाही, तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. "एकट्या माणसाचे हालच राह्यते, भाऊ."

नागोरावने मान हलवली.

तिकडे रंजिता अडली होती. "काका, तुम्ही सांगा ना. दरवर्षी तुम्हीच वाजवता. शीलाकाकूला ते घंट्यांचं गाणं आवडत होतं ना?"

सरांनी मान वर केली. नागोरावने वायरकडे पाहिलं.

"मले काय विचारते बाई. सरांले विचार," तो म्हणाला. "त्यायले जास्त माहीत."

"बरोबर," सर म्हणाले. रंजितानं गाणं काढून टाकलं.

उन्हं उतरली तशी मंडळी जमू लागली. चांदण्या लुकलुकू लागल्या, चर्च भरलं. नागोराव मागच्या भिंतीशी मिक्सर घेऊन बसला. सरांनी निवडलेली गाणी एकामागून एक वाजली. संथ, जड. बायका डोळे पुसत होत्या. पोरं कंटाळून बाकांवर पाय हलवत होती. ती असती तर उठून बाहेर गेली असती, नागोरावला वाटलं. उद्यापासून सगळ्यांना हीच शीला आठवणार. पेटीवरची. सरांची.

अंगाई संपली. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत त्यानं मोबाइलची पिन उपसली आणि आपला पेनड्राइव्ह खोचला.

घंट्या वाजू लागल्या.

पोरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग बाकांमधल्या वाटेत उड्या मारायला सुरुवात केली. कुणीतरी टाळ्यांनी ताल धरला. रंजिता तोंडावर हात ठेवून हसत होती. नागोरावने डोळे मिटले. त्याला बांगड्या ऐकू येत होत्या.

डोळे उघडले तेव्हा सर मिक्सरपाशी उभे होते.

"हे काहून लावलं?"

"हातून लागलं, सर."

"बंद कर."

"संपू द्या. थोडंच राह्यलं."

सर त्याच्याकडे पाहत राहिले. काहीतरी विचारणार होते, पण पोरं त्यांना धक्के देत नाचत होती. ते तसेच पुढे जाऊन बसले. नागोरावने गाणं शेवटपर्यंत वाजवलं. त्यांना कळू दे, त्याच्या मनात आलं. एक तरी गाणं असं, जे त्यांना माहीत नव्हतं.

पाळकसाहेबांनी माइक हातात घेतला. चर्च शांत झालं.

"शीलाताई आज आपल्यात नाहीत," ते म्हणाले. "त्यांच्या आठवणीची मेणबत्ती लावायला मी त्यांच्या पतीला पुढे बोलावतो."

नागोरावने माइकचा आवाज नीट केला, आणि पहिल्या बाकावरून शमुवेल सर उठले.